भाकीतरावांचं कोरडं कोर्ट

क्लबातली माणसं त्यांना भाकीतराव म्हणत. वरवर ते नाक मुरडत, पण नाव त्यांना मनापासून आवडायचं. खरं काम कोर्ट राखण्याचं. क्लबाची लाल मातीची तीन टेनिस कोर्टं एकोणतीस वर्षं त्यांच्या हाती होती. पहाटे पाणी मारायचं, मग रोलर फिरवायचा, मग जाळी ओढून माती सारखी करायची आणि शेवटी पांढऱ्या पट्ट्या झाडायच्या. माती म्हणजे तरी काय, विटांचा बारीक चुरा. तो बुटात जातो, मोज्यात जातो, कानात जातो, आणि त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे डोक्यातही जातो.

नाव पडलं ते स्पर्धेमुळे. दर वर्षी लाल मातीवरची ती मोठी स्पर्धा सुरू झाली की क्लबाच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक मोठा कागद लागायचा. पहिला आठवडा सगळ्यांनी नुसतं बघायचं. सोळा खेळाडू उरले की कागद भरायचा. कोण कोणाला हरवणार, थेट अंतिम सामन्यापर्यंत, पंधरा सामन्यांचे पंधरा निकाल. एकदा लिहिलं की खाडाखोड नाही. ज्याचे निकाल सर्वांत जास्त बरोबर येतील त्याला बक्षीस एकच. स्पर्धेनंतर एक नंबर कोर्टावर नवा चुरा घालत, आणि त्या ताज्या कोर्टावर पहिला चेंडू मारायचा मान त्याचा. भाकीतरावांनी हा मान अकरा वेळा मिळवला होता. त्यांना स्वतःला टेनिस अजिबात येत नसे. अकराही वेळा चेंडू नेटमध्ये गेला होता आणि अकराही वेळा लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या.

त्यांची भाकिताची रीत वेगळी होती. लोक खेळाडू बघत, हे माती बघत. माती काळपट दिसली की ओली, ओली की चेंडू जड, म्हणजे उड्या कमी. मग जोरात मारणाऱ्यांचं काही चालत नाही, चिवटपणे चेंडू परत करत राहणारे जिंकतात. माती फिकी, विटेसारखी लख्ख दिसली की कोरडी, चेंडू सुसाट, मग फटकेबाजांची चंगळ. क्लबाची कोर्टंही ते अशीच राखत. उमेदीच्या काळात ते उकिडवे बसून मातीची चिमूट बोटांत चोळून बघत. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, आणि तोवर नजर इतकी तयार झाली होती की वाकायची गरजच पडेना. दारात उभं राहून ते सांगत, "दोन नंबरला आज पाणी नको." तो शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

यंदा त्यांच्या बायकोनेही कागद भरला. ती क्लबाचे टॉवेल आणि खेळणाऱ्यांचे मोजे धुवायची, म्हणून तिलाही हक्क होता. पण आजवर तिने कागदाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"तुला कोण खेळाडू माहीत आहेत गं?" भाकीतरावांनी विचारलं.

"खेळाडू नाही, मोजे माहीत आहेत. एकोणतीस वर्षं लाल मोजे धुतेय मी. ज्याचे दोन्ही मोजे सारखे लाल, तो दोन्ही बाजूंना घसरत जाऊन चेंडू गाठतो. ज्याचा एकच लाल, तो एका बाजूचा लंगडा. त्याला दुसऱ्या बाजूला मारलं की खलास."

हॉलमध्ये हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने भाकीतराव हसले. टीव्हीवरची माती त्यांना पहिल्या दिवसापासून काळपट दिसत होती. त्यांनी बेधडक सोळांतले सगळे चिवट गडी पुढे काढले, सही केली आणि मिशीवरून हात फिरवला.

रविवारी आणि सोमवारी मिळून आठ सामने झाले. भाकीतरावांचे दोन बरोबर आले. त्यांनी अंतिम विजेता म्हणून लिहिलेला गडी एका लांबलचक डावखुऱ्या पोराकडून तासाभरात हरला. बायकोचे सहा बरोबर आले. क्लबाचे सेक्रेटरी, जे एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तेसुद्धा जाता जाता म्हणाले, "काय भाकीतराव, यंदा मोज्यांपुढे मातीने हात टेकले!"

मंगळवारी दुपारी नवराबायको घरी टीव्हीसमोर बसले. भाकीतराव घुश्शात होते.

"अशा ओल्या मातीत तो लांबूळका जिंकतोच कसा?"

"ओली कुठाय? धुरळा बघा किती उडतोय."

"अगं, काळपट दिसतेय ना ढळढळीत!"

बायकोने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "काळपट? अहो, नव्या विटेसारखी लख्ख आहे." मग तिने शेजारच्या गठ्ठ्यातला क्लबाचा एक टॉवेल काढून त्यांच्यासमोर धरला. "हा कोणत्या रंगाचा?"

"मळकट पिवळा. धुवायचा राहिलेला."

"कालच धुतलाय. पांढरा आहे," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

बुधवारी तिने त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला मोकळी. तिने दिवा मारून दोन्ही डोळे पाहिले. "मोतीबिंदू, काका. दोन्हीकडे. तुम्हाला सगळं जग चहातून बघितल्यासारखं दिसत असणार. हळूहळू वाढतो ना, म्हणून कळत नाही. घाबरू नका, आधी उजवा करू, मग डावा."

"किती दिवसांपासून असेल?"

"दिवस? दोन वर्षं तरी नक्की."

भाकीतराव रस्ताभर बोटांवर वर्षं मोजत घरी आले. मनात हिशेब जुळत होता. गेल्या वर्षी ते जिंकले, कारण तिकडे स्पर्धेभर पाऊस होता आणि माती खरोखरच ओली होती. आंधळ्याने दगड मारला आणि तो लागला, तशातली गत. पण इकडे, त्यांच्या तीन कोर्टांवर? कोरडी माती त्यांना ओली दिसत होती, म्हणजे दोन वर्षं ते पाणी कमी मारत होते. "काका, कोर्ट घसरतंय," असं कितीतरी जण म्हणाले होते, आणि त्यांनी प्रत्येकाला बूट बदलायला सांगितलं होतं. आणि हेडबाई. हेडबाईंची आठवण आली तसे ते पायरीवरच बसले.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय बासष्ट, आणि रोज सकाळी एक तास टेनिस. दोन महिन्यांपूर्वी दोन नंबर कोर्टावर एका आखूड चेंडूमागे धावल्या, घसरल्या त्या थांबल्याच नाहीत, आणि घोट्यावर पडल्या. "कोर्ट निसरडं आहे हो," त्या म्हणाल्या, तेव्हा भाकीतरावांनी चारचौघांत ऐकवलं होतं, "राग मानू नका बाई, पण नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. हेडबाईही हसल्या होत्या. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला, पण त्यांनी रॅकेट पुन्हा हातात धरली नाही. आता त्या रोज येत, बाकावर बसत आणि दुसऱ्यांचा खेळ बघत.

"सांगावं लागेल," भाकीतराव म्हणाले.

"लागेलच," बायको म्हणाली.

"सांगितलं तर कोर्ट काढून घेतील हातातून. ज्याला माती दिसत नाही त्याला कोण ठेवील?"

"नाही सांगितलं म्हणून दिसायला लागणार आहे का? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

त्यांना भीती वाटत होती, ती खोटी नव्हती. आयुष्यभर कमावलेली एकच गोष्ट ती नजर, आणि तीच दगा देऊन बसली होती, तेही न कळवता. पण त्याहून जास्त टोचत होता तो बाकावरचा बाईंचा सरळ ताठ बसलेला आकार. रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी ते कोर्टावर गेले, दारात उभे न राहता आत गेले, गुडघ्यांना शिव्या घालत उकिडवे बसले आणि चिमूटभर माती बोटांत चोळली. पिठासारखी भुरभुरली. तिन्ही कोर्टांची तीच कथा. त्यांनी पाइप जोडला आणि दोन वर्षांची तहान भागवल्यासारखं पाणी मारलं. मग हात धुऊन बाकाकडे गेले.

हेडबाईंनी मान वर केली. "या भाकीतराव. कागदावर माझे पाच बरोबर. तुमचे किती ते मी कुणाला सांगत नाही."

"बाई, तुम्ही त्या दिवशी पडलात ना..."

"ते सोडा हो. झालं गेलं."

"सोडत नाही. कोर्ट कोरडं होतं. मला मोतीबिंदू झालाय, सुकी माती ओली दिसते. मी पाणीच मारलं नव्हतं. चूक माझी, आणि वर म्हण तुम्हाला ऐकवली."

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वर्गात कुणी उत्तर पुटपुटलं की विचारत असतील त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा. स्पष्ट."

भाकीतरावांनी पुन्हा सांगितलं. या वेळी हात मागे बांधून.

"म्हणजे माझ्या पायांना काही झालेलं नाही?"

"पाय ठणठणीत आहेत, बाई. अंगणच वाकडं होतं."

"अहो, दोन महिने!" हेडबाई एकदम कडाडल्या. शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. "दोन महिने मी समजतेय की आपलं वय झालं! जिना उतरताना कठडा धरायला लागले मी! सुनेला रॅकेट देऊन टाकली!"

भाकीतराव मान खाली घालून उभे राहिले. त्यांना वाटलं, बाई आणखी बोलतील, आणि बोलावंच. पण त्यांनी वर बघितलं तर बाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"सेक्रेटरींना सांगितलंत?"

"आता तिकडेच निघालोय. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"थांबा. मी येते बरोबर."

सेक्रेटरींनी सगळं ऐकून टक्कल खाजवलं. "ऑपरेशन करून घ्या," ते शेवटी म्हणाले. "पण तोवर कोर्टाचं काय?"

"तोवर हाताने बघेन. वाकून," भाकीतराव म्हणाले.

"आणि मी पायाने," हेडबाई म्हणाल्या. "रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी मी तिन्ही कोर्टांवर धावून बघेन. घसरून थांबले तर कोर्ट चालू, नाही थांबले तर पाणी."

सेक्रेटरी म्हणाले, हे नियमात बसत नाही. मग म्हणाले, पण नियमाविरुद्धही नाही. विषय तिथेच मिटला.

अंतिम सामना त्या लांबूळक्या डावखुऱ्याने जिंकला. त्याचे दोन्ही मोजे पोटरीपर्यंत लाल होते. भाकीतरावांच्या बायकोचे पंधरांपैकी बारा निकाल बरोबर आले. क्लबात एवढे आजवर कुणाचेच आले नव्हते, भाकीतरावांचेसुद्धा नाहीत, आणि ही गोष्ट तिने त्यांना दिवसातून फक्त दोनदा ऐकवली.

पाच आठवड्यांनी एक नंबर कोर्ट नवा चुरा घालून तयार झालं. भाकीतरावांचा उजवा डोळा तोवर नवा झाला होता, डावा अजून जुनाच. सकाळी ते कोर्टाच्या मधोमध उभे राहून एकदा हा डोळा मिटत, एकदा तो. डाव्याने माती मळकट काळी, उजव्याने गर्द, ओलसर लाल. इतकी लाल की त्यांना हसू येत होतं. हा रंग आपल्या पायाखाली होता आणि आपण दोन वर्षं चिखल बघत होतो! तरी ते विश्वास ठेवून मोकळे झाले नाहीत. वाकले, चिमूट चोळली. माती बोटांना धरून राहिली.

पहिल्या चेंडूसाठी बायकोला बोलावलं. तिने रॅकेट हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि सरळ हेडबाईंच्या हातात दिली.

"बाई, तुम्ही मारा. मला काय येतंय? ह्यांच्यासारखा नेटमध्ये घालवण्यापेक्षा बरं."

हेडबाईंचे मोजे नवेकोरे, पांढरेशुभ्र होते. पलीकडे सेक्रेटरी उभे. बाईंनी चेंडू मारला, सेक्रेटरींनी कसाबसा परत केला आणि तो गेला थेट उजव्या कोपऱ्यात. बाई धावल्या, शेवटच्या दोन पावलांना घसरल्या, चेंडू गाठला आणि थांबल्या. अलगद, जिथे थांबायचं तिथेच. सेक्रेटरींनी दुसरा मारला तो डाव्या कोपऱ्यात. बाई तिकडेही तशाच घसरल्या, तशाच थांबल्या. धुरळा उडाला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी शाळकरी पोरीसारखी उडी मारली.

भाकीतरावांनी बाहीने उजवा डोळा पुसला. त्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरने बजावलं होतं. शेजारी बायको मान वाकडी करून बाईंच्या पायांकडे निरखून बघत होती.

"दोन्ही सारखे लाल," ती म्हणाली. "अहो, लिहून ठेवा. ह्या जिंकणार."