पोट रिकामं होऊ द्या

बिबवेवाडीत आमच्या कोपऱ्यावर हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसेस थांबायला लागल्या आणि घरात माझी पंचाईत झाली. सॉफ्टवेअरची नोकरी चालून आली होती आणि मी प्रयोगशाळेत माश्या चिरत बसले होते. बाबा म्हणायचे, "अगं, माश्यांची पोटं फाडून कुणाचं पोट भरतं का?" कंपनीला सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

माझ्या त्या वाळूमाश्या, काळा आजार पसरवणाऱ्या. आजाऱ्याचं रक्त प्यायलं की त्यातला परजीवी माशीच्या पोटात जातो. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं आवरण असतं. त्याच्याच जोरावर तो आतड्याला धरून राहतो, असं माझं म्हणणं. म्हणून काही माश्यांना मी आवरण असलेले परजीवी रक्तातून पाजले, काहींना आवरण नसलेले.

आमची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी बंद व्हायची, म्हणून सगळे निष्कर्षही जेवणाच्या आत निघायचे. त्या शनिवारी माझ्या मार्गदर्शक सरांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. दोन्हीकडे परजीवी जिवंत, वळवळणारे.

"संपलं तुमचं. आवरणाचा काही संबंध नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "नोकरी घेऊन टाका. तुमच्याकडे तेच महत्त्वाचं असतं, नाही का?"

तुमच्याकडे! आमचं बौद्धांचं घर. हे 'तुमच्याकडे' मी शाळेपासून ऐकत आले होते. डोकंच सणकलं माझं.

"सर, माशीच्या पोटात अजून रक्त आहे. रक्तात काय, कुणीही टिकेल. पोट रिकामं होऊ द्या, मग बघू."

"उद्या रविवार आहे."

"माशीला ते माहीत नाही, सर. किल्ली द्या."

दिली. बहुतेक माझ्या तोंडाकडे बघूनच दिली.

रविवारी माश्यांनी रक्त बाहेर टाकलेलं होतं. आवरण नसलेले परजीवी त्याच्याबरोबर वाहून गेले होते, एकही शिल्लक नाही. दुसऱ्या माश्यांमध्ये मात्र आतड्याला घट्ट धरून सगळे थरथरत होते. रिकाम्या प्रयोगशाळेत मी ओरडलेच, "आहेत! अरे, आहेत!" इतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

सोमवारी सरांनी सूक्ष्मदर्शकातून दोन्हीकडच्या माश्या पाहिल्या. "बरं आहे," म्हणाले. "पण आपण आज कंपनीत कळवणार होतात ना?"

"कळवलं, सर. नाही म्हणून. आमच्याकडे हातातलं काम असं सोडत नाहीत."

किल्ली मी परत दिली नाही.