वकिलाच्या गळ्यातली रिबीन

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि त्याला तर मी काय काय सांगत असे — शेजारच्या घरातल्या भांडणापासून माझ्या दुखऱ्या दाढेपर्यंत. मुलांना सांगितलं नाही, सुनांना तर नाहीच. देवाला सांगायची गरज नव्हती, तो तिथे हजरच होता. तेव्हा पहिल्यांदा तुम्हीच. जरा सरकून बसा. मध्ये हसू आलं तर हसून घ्या, मी तर हसतेच.

आमच्या बैठकीत एक फोटो आहे. सातवीच्या मुली, शाळेच्या पायऱ्यांवर. दुसऱ्या रांगेत मधोमध, पाठीला काठी बांधल्यासारखी मान ताठ करून जी बसली आहे, ती मी. दोन वेण्या, दोन्ही खांद्यांवरून मुद्दाम पुढे आणलेल्या, आणि दोन्हींच्या टोकांना रिबिनीचं फूल. घरी येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, आजी, किती गोड दिसत होता हो. मी म्हणते, होतेच मुळी. पण तुम्हाला सांगते — त्या दोन रिबिनींतली एक माझी नव्हती. कुत्र्याची होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला भलतंच काहीतरी सुचतंय. थांबा, सांगते. पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही — इतकी वर्षं वळसे घेऊनच या गोष्टीच्या बाजूने गेले आहे.

घाटंजीच्या बाजाराला पायी जाता येईल असं आमचं गाव. नाव घेत नाही, माझे भाचे अजून तिथे राहतात. साल साठच्या आसपासचं. बाबांची पिठाची गिरणी होती, म्हणून मी गावभर 'गिरणीवाल्याची पोरगी'. आमच्याकडे एक तांबूस कुत्रा होता, त्याचं नाव वकील. का, तर दिसेल त्याच्याशी वाद घालायचा आणि समोरच्यानं भाकरीचा तुकडा टाकला की लगेच त्याच्या बाजूनं बोलायचा. माझ्यावर त्याचा भारी जीव. माझा त्याच्यावर? होता. पण माझ्या वेण्यांवर जरा जास्त होता, ते पुढे कळेलच.

त्या उन्हाळ्यात गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं, कुणाच्या तरी वासराला चावलं, आणि सगळं गाव घाबरलं. कोतवालानं डफडं वाजवत दवंडी दिली: "ऐका हो ऐका. ज्याच्या गळ्यात पट्टा हाये ते मालकाचं कुत्रं. ज्याच्या नाही ते बेवारस. बेवारस कुत्र्याइले उद्यापासून गुलगुले." गुलगुले म्हणजे गुळाचे, तळलेले, वास आला की मलाही खावेसे वाटायचे असे — फक्त आत विष.

आमच्या वकिलाला पट्टा नव्हता. बाबा म्हणाले, "चामड्याचा पट्टा यवतमाळले भेटते. जाईन तवा आणीन. तवर काही लालभडक बांध त्याच्या गळ्यात. आन् फाटकाले कडी लाव, ध्यान ठेव." माझ्याकडे लाल साटीनच्या दोन रिबिनी होत्या, मामानं दिलेल्या. त्यातली एक मी वकिलाला बांधली. काय उदारपणा वाटला मला माझा. दोन दिवस मी मैत्रिणींना सांगत फिरले की बघा, कुत्र्यासाठी मी एका वेणीला काळी नाडी बांधते आहे.

आणि मग शाळेत फोटोवाला येणार असं ठरलं.

तुम्हीच सांगा — जन्मातला पहिला फोटो, आणि एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला काळी नाडी? त्या वयात हे दुःख केवढं असतं, ते आता शब्दांत सांगायला गेले तर मीच लाजेन. सकाळी फाटकात वकील माझ्या पायाशी लोळत होता. मी वाकले, त्याचे कान कुरवाळले, आणि गाठ सोडली. त्याला वाटलं लाड चाललेत. हात चाटला हो त्यानं माझा. दुपारी परत बांधू, इतकंच मनात होतं. आणि घाईत — शाळेची घंटा होत होती — फाटकाची कडी लावायची राहिली.

फोटो छान झाला. दुपारी मी रिबिनी मिरवत अख्ख्या गावातून लांबच्या रस्त्यानं घरी आले. फाटक उघडं. वकील नाही.

आई चुलीपुढून म्हणाली, "वकील कोठी गेला व?"

गुलगुले डोळ्यांपुढे आले. आणि तोंडातून काय आलं माहीत आहे? "येडीनं नेला."

आता ही येडी कोण, ते सांगायला हवं. नदीपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथे सोमलीबाई नावाची एक बाई राहायची. कुणाची लंगडी शेळी, कुणाचं टाकून दिलेलं वासरू, कुणाच्या दगडानं पंख मोडलेला कावळा — जे कुणाला नको ते ती कडेवर घेऊन घरी न्यायची. आरशांची चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि कडेवर मूल असावं तसं बकरीचं करडू. तांड्यावरची माणसं तिला ज्या नावानं हाक मारायची ते आम्हाला 'येडी' असं ऐकू यायचं, आणि तिचे उद्योग पाहता ते आम्हाला बरोबरच वाटायचं. त्या सकाळी ती आमच्या गल्लीतून जाताना मला दिसली होती. तेवढ्यावर मी ते बोलले.

गावाला पुरावा लागला नाही. तांड्यावरची बाई म्हटल्यावर लोकांना पुरावा लागतच नसे — आणि हे मला त्या वयातही ठाऊक होतं. म्हणून तर तिचं नाव तोंडात आलं. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली बघा.

बाबा गिरणी बंद करून तसेच निघाले, भुवयांपर्यंत पीठ, रागात असूनही विदूषकासारखे. मागे कोतवाल, चार रिकामटेकडे, आणि सर्वांत मागे मी, दोन लाल रिबिनींसह. वाटेत मी देवाला विनवत होते की वकील तिथे सापडू दे. आणि दुसऱ्या श्वासाला विनवत होते की सापडू देऊ नको. कारण सापडला तर ती चोर ठरणार, आणि नाही सापडला तर तो मेला.

सापडला. सोमलीबाईच्या कुडाच्या गोठ्यात, एका फुटक्या डोळ्याच्या बकरीशेजारी, राजासारखा बसलेला. गळ्यात घागऱ्याच्या चिंधीचा पट्टा, त्याला एक आरसा शिवलेला. आम्हाला पाहून त्यानं शेपूट हलवली आणि बाबांवरच भुंकला. पक्ष बदललेला होता.

"काहून व बाई," बाबा म्हणाले, "लोकाचं बांधलेलं कुत्रं आणत असतेत का?"

"बांधलेलं?" ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही. उजव्या वेणीकडे, मग डाव्या वेणीकडे. तिच्या बोटाला हळद लावलेली चिंधी होती, रक्तानं भिजलेली. ते बोट कशानं फाटलं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"हो," ती म्हणाली. "बांधलेलंच व्हतं. म्याच आणलं."

"पाहा, कबूल करून राह्यली," कोतवाल म्हणाला.

"मंग काय करू? कुत्रं माह्या घरात बसून हाये, तं नाही म्हणू? घेऊन जा. पण पट्टा माहा हाये. तो उद्या पोरीच्या हातानं पाठवजा. दुसऱ्या कोणाच्या हातानं नोको."

दुसऱ्या दिवशी मी पट्टा घेऊन गेले. कशी गेले ते विचारू नका. ती बकरीला पाला घालत होती. मागे न वळता म्हणाली, "ये व, दोन रिबिनीवाले. परवा एक रिबीन कुत्र्याच्या गळ्यात पाह्यली व्हती म्या. काल दोन वेण्याइले दोन रिबिनी, आन् कुत्र्याच्या गळ्यात नुसती हवा."

मी रडायला लागले.

"रडू नोको. पुलाखाली गुलगुला तोंडात धरून बसलता तुहा वकील. ओढून काढला तवा चावला मले. वकीलच तो, फुकट कायले सोडन?" आणि ती हसली, दात दाखवून, खुशाल. "बापाले सांगू काय?"

"नोको."

"मंग ते बादली उचल. नदीवरून पाणी आण."

अशी माझी प्राणिसेवा सुरू झाली. दयेनं नाही, पाझर फुटून नाही — धाकानं. आणि खरं सांगू? आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच मिळालं. पहिले काही दिवस मी पाणी आणलं, शेण काढलं, एका बोक्याचे ओरखडे खाल्ले. मग करडाच्या मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधायला शिकले. मग एक दिवस तिनं 'आता नोको येऊ, फिटलं तुहं' म्हटलं, आणि मी तरीही गेले.

तिथेच मला एक गोष्ट कळली. तांड्यावरचं एक पोर धावत आलं आणि तिला बिलगून म्हणालं, "याडी." मी नीट ऐकलं. येडी नव्हे. मी तिला विचारलं, याडी म्हणजे काय? ती म्हणाली, "माय. आमच्या बोलीत मायले याडी म्हणतेत." म्हणजे बघा — अख्खं गाव तिला माय म्हणून हाक मारत होतं, आणि गावाला वाटत होतं आपण तिला वेडी म्हणतो आहोत. "तुमाले ठाऊक व्हतं?" मी विचारलं. "तं काय," ती म्हणाली, "मले लय मजा येते. तुमचा तो कोतवाल, केवढा मिशावाला, तोयी मले माय म्हणते."

मग आम्ही दोघींनी जे केलं ते मात्र मी छाती काढून सांगते. तिच्या जुन्या घागऱ्याच्या चिंध्या आणि माझी सुई. पट्टे शिवले, आरसे लावून. आणि गल्लोगल्ली फिरून दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात बांधले. देवळामागची काळी, बाजारातला खरजुला, सगळे मालकाचे झाले. कोतवाल गुलगुल्यांची झोळी घेऊन निघाला की जिकडे बघावं तिकडे आरसे चमकायचे. दवंडी त्याचीच — पट्टा असेल तर मालकाचं. शेवटी सरपंचाच्या घोड्याच्या गळ्यातही एक पट्टा सापडला. तो कुणी बांधला हे मी आजही सांगणार नाही, तो वेगळा गुन्हा आहे. गुलगुले कडक होऊन गेले, आणि कोतवालानं ते नदीकाठी खड्डा करून पुरले. त्या उन्हाळ्यात गावातलं एकही कुत्रं गुलगुल्यानं मेलं नाही.

सरपंच हसले, बाबा हसले. चावडीवर सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप पडली: गिरणीवाल्याच्या पोरीचं काळीज मोठं. सोमलीबाई चावडीखाली उभी होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं नाही. तोंड उघडलं असतं तर चिंध्या कुणाच्या हे निघालं असतं, चिंध्यांवरून पहिला पट्टा, पहिल्या पट्ट्यावरून रिबीन. मी थाप घेतली. गोड लागली.

ती कुत्रेचोरच राहिली. ती दिसली की बायका कोंबड्या झाकायच्या, "आली व कुत्रेचोर" म्हणायच्या. आमची गल्ली तिनं सोडली. बाजारातून तांड्याकडे जायला आमच्या दारावरूनच जवळची वाट, पण ती मसणवट्याच्या बाजूनं वळसा घालून जायची, उन्हात, कडेवर करडू घेऊन. मी फाटकात उभी राहून ते बघायची. एका वाक्याचं काम होतं. माझं लग्न होऊन मी दारव्ह्याकडे गेले तोवर ते वाक्य मी बोलले नाही. नंतर एका दिवाळीला माहेरी आले तेव्हा कळलं, ती गेली. तांड्यावर मोठं जेवण झालं म्हणे. गावातून कुणी गेलं नव्हतं.

आमच्या तालुक्यात आता काही मुलंमुली मिळून जखमी कुत्र्यांसाठी शेड चालवतात. चांगलं काम करतात, तुम्हीही जुनी गोणपाटं, उरलेला भात नेऊन देत जा. मागच्या महिन्यात त्यांनी मला हार घालायला बोलावलं. आजींना लहानपणापासून मुक्या जनावरांचा लळा, असं माइकवर सांगितलं. मी उठले, पट्ट्यांची गोष्ट सांगितली, घोड्याचीही सांगितली, सगळे पोट धरून हसले. याडी म्हणजे माय, हेही सांगितलं, टाळ्या पडल्या. रिबिनीपाशी आले आणि — म्हातारपण, खोकला, पाणी द्या. बसले खाली. या वयात, हार गळ्यात असताना, पुन्हा तेच.

म्हणून इथे लिहिते आहे. सोमलीबाईनं कुत्रा चोरला नव्हता. तिनं तो विषाच्या तोंडातून काढला, आणि त्यासाठी बोट फाडून घेतलं. त्याच्या गळ्यातली रिबीन मी काढली होती. फाटक मी उघडं टाकलं होतं. तिचं नाव मी घेतलं होतं.

आणि फोटो घरी आला तेव्हा मी तो उजेडात धरून पाहिला. काळा-पांढरा फोटो तो. लाल रिबीन त्यात काळी आली होती, दोन्ही वेण्यांना. काळ्या नाडीसारखीच.