वगळलेले ठिपके

रचनाचा हात लहानपणापासून निवडीला बसलेला. बेळगुंदीच्या शेतात रताळ्याची लावण करायची म्हणजे आधी वेल निवडायचा, आणि ते काम आईनं, जयाबाईनं, तिला शाळेत जायच्या आधीच शिकवलं. जाड, रसरशीत वेल बुट्टीत, किरटा वेल बांधावर. विचार करत बसायचं नाही, बोटांनी दाबायचं आणि टाकायचं. पुढं भाताचं बियाणं, बटाट्याचं बियाणं, घरातली सगळी निवड तिच्याकडंच आली.

मराठी शाळेतनं शिकत ती विज्ञानाच्या पदवीपर्यंत गेली आणि बेळगावातल्या एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून लागली. नोकरी कंत्राटाची, वर्षाला नवी सही. सही करणारे उपेंद्र सर. शेजारच्या टेबलावर चिन्मयी, शहरातल्या वकिलांच्या घरची, पीएच.डी. करणारी. वयानं लहान, म्हणून ती रचनाला आक्का म्हणायची.

योगायोग असा की इथंही काम रताळ्याचंच निघालं. रताळ्यातल्या पिठाची साखर करणारं एक प्रथिन असतं. कारखान्यात पीठ उकळायला लागलं की ते बिचारं त्या आचेत मरून जातं. सरांना आचेत टिकणारं हवं होतं. ते नेमकं कसं घडवायचं हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून चिन्मयी त्या प्रथिनाच्या जनुकाच्या नकला काढताना मुद्दाम चुका होऊ द्यायची. नकलेगणिक चूक वेगळी, म्हणून प्रथिनंही जरा जरा वेगळी. या नकला जीवाणूंत घालायच्या आणि जीवाणू थाळीत पसरायचे, की दुसऱ्या दिवशी थाळीभर पांढरे ठिपके. एका ठिपक्यात एका तऱ्हेचं प्रथिन. रचनानं काडीनं एकेक ठिपका उचलायचा आणि आप्पेपात्रासारख्या, पण अगदी बारक्या खळग्यांच्या ताटलीत सोडायचा. तो वाढला की ताटली तापवायची, एकेका खळग्यातला थेंब दुसऱ्या ताटलीतल्या पिठाच्या थरावर टाकायचा आणि वर आयोडीन ओतायचं. प्रथिन मेलं असेल तर सगळं निळंकाळं. जगून त्यानं पीठ खाल्लं असेल तर तेवढा गोल स्वच्छ.

जयाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, देवानं मुळात एकासारखं एक केलं नाही, त्यात तुम्ही आणखी काय भर घालताय. रचनाला तसं वाटायचं नाही. आपण कोण घडवणारे, आपण नुसती ओंजळ धरायची, असं तिचं मन सांगायचं. वापरलेल्या थाळ्या, त्यांतले जीवाणू मारायला, वाफेच्या मोठ्या कुकरात घालायच्या आधी ती गावच्या लक्ष्मीचं नाव घ्यायची. चिन्मयीनं एकदा तिचे ओठ हलताना पाहिले आणि तेव्हापासून कुकर लागला की विचारायची, "आक्का, जीवाणूंचं श्राद्ध आटपलं का?"

हसतखेळत वर्ष सरत आलं, पण ताटलीमागून ताटली निळीच निघत होती. शेवटी उचललेल्या ठिपक्यांपैकी काहींची जनुकं सरांनी वाचून घ्यायला बेंगळूरला पाठवली. उत्तर आलं, सगळी मुळासारखीच आहेत. फरक म्हणून नाही.

सर चिन्मयीवर ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. नकलेत चुका पडल्याच नाहीत तर आपण वर्षभर एकच प्रथिन तापवत बसलो, एवढंच ते म्हणाले. महिनाअखेर कामाला पैसे देणारी समिती येणार होती. त्यांच्यापुढं हे मांडलं की काम बंद. चिन्मयीचं वर्ष पाण्यात, आणि रचनाच्या कंत्राटालाही मग कारण उरणार नाही. सुरुवातीला नकला तपासल्या तेव्हा चुका दिसल्या होत्या, असं चिन्मयी परत परत सांगत राहिली. मग त्या गेल्या कुठं, म्हणून ती जुन्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागली.

दुसऱ्या दिवशी रचना थाळी घेऊन बसली. काडी एका गुबगुबीत ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेली. मधे टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका होता, त्याला ओलांडून. रचनाचा हात तिथंच थांबला. तिनं थाळी उजेडात धरली. बारीक ठिपके सगळीकडं होते. वर्षभर त्यांतला एकही तिनं उचलला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, पण उचलला नव्हता.

सरांना हे सांगितलं तर सहीचं काय होणार ते तिला कळत होतं. शेजारी चिन्मयी डोळे सुजवून बसली होती. रचना थाळी घेऊन सरळ सरांच्या खोलीत गेली.

"सर, चिन्मयीचं चुकलं न्हाय. मी जाड बघून उचलत आलोय."

सरांना आधी कळलंच नाही. तिनं त्यांच्यासमोर चार ठिपके उचलून दाखवले, चारही गुबगुबीत, आणि घरी वेल निवडताना किरटा बांधावर टाकतात तेही सांगितलं. सरांनी थाळी जवळ ओढून तिच्यावर भिंग धरलं. मग म्हणाले, जीवाणूला वेगळं प्रथिन बनवणं कधीकधी जड जातं, सगळी ताकद त्यात जाते आणि ठिपका खुरटा राहतो. ज्यांच्यात मुळातलंच आहे ते आरामात फुगतात. "आणि तुझ्या ताटल्या एकसारख्या भरलेल्या दिसायच्या म्हणून मी कौतुक करत होतो. उचलतेस कसं ते एकदाही बघितलं नाही."

चिन्मयी दाराशी येऊन उभी राहिली होती. रागवावं की रडावं हे तिचं ठरेना. "म्हणजे आक्का, माझी पीएच.डी. तू बांधावर टाकत होतीस?"

"व्हय गं," रचना म्हणाली. "किरटी दिसत होती."

हसू आधी सरांनाच आलं.

नकलांचा साठा अजून बर्फात होता. नव्या थाळ्या पसरल्या. या वेळी रचनानं थाळीखाली चौकटी आखलेला कागद ठेवला. रेघेला रेघ मिळते तिथं जो ठिपका येईल तो उचलायचा, लहानमोठा बघायचा नाही. हात ऐकत नव्हता, शेजारच्या गुबगुबीत ठिपक्याकडं ओढ घ्यायचा. चिन्मयी बाजूला बसून नुसतं "हं" म्हणायची, की हात जागेवर यायचा.

समितीच्या आधी थोड्याच ताटल्या झाल्या. बहुतेक निळ्याच निघाल्या, आणि किरट्या ठिपक्यांतलेही पुष्कळ आचेत गेले. पण एका ताटलीत निळ्याच्या मधोमध एक गोल स्वच्छ होता. कडा धूसर, पण स्वच्छ, आणि तोही एका किरट्या ठिपक्याचा. चिन्मयीनं तो तीनदा करून बघितला. तिन्ही वेळा तसाच.

सर म्हणाले, उकळत्यात हे टिकणार नाही, अजून लांब आहे. पण समितीला दाखवायला पुरेसं आहे. आता हेच मूळ धरायचं, याच्याच नकला काढायच्या, पुन्हा चुका होऊ द्यायच्या. बोलता बोलता त्यांनी रचनाच्या कंत्राटाचा कागद पुढं ओढला आणि सही केली.

रचना त्या गोलाकडं बघत होती. "सर, ह्यो मी घेतला नसता," ती म्हणाली.

"माहीत आहे," सर म्हणाले. "थाळ्या उद्या सकाळी लागतील."

ती पट्टी घेऊन नव्या कागदावर रेघा आखायला बसली.