व्याह्यांनी आणलेला डबा

मत्सराला वयाची अट नसते. असती, तर साठीला टेकलेला माणूस 'पपा' या दोन अक्षरांपायी भरल्या ताटावरून उठला नसता. फरशीवाले मिस्त्री उठले होते. लग्नानंतर लेक पहिल्यांदाच माहेरी आली होती आणि जेवता जेवता सहज म्हणाली, "बाबा, पपा म्हणतात मीठ जरा कमी खावं." झालं. मिस्त्रींनी घास ताटात ठेवला आणि हात धुतले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"पोट भरलं."

पोट भरलं नव्हतं, दुखत होतं. आणि ते दुखणं कुठल्या गोळीने थांबणारं नव्हतं.

आता लेकीने सासऱ्यांना पपा नाही म्हणायचं तर काय नावाने हाक मारायची? हे मिस्त्रींनाही कळत होतं. कळून उपयोग काय, मन थोडंच ऐकतं! बरं, व्याही माणूस वाईट असता तरी सोय झाली असती. पण व्याही हसतमुख, कुणाच्याही मदतीला धावणारे. रंगाचं दुकान चालवत आणि गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या दुकानदाराची खुर्ची दुरुस्त करून देत. लेकीला गाडी चालवायला शिकवली ती त्यांनीच. मिस्त्रींनी महिनोन्‌महिने त्यांच्यात खोट शोधली आणि शेवटी एकच सापडली: फार बोलतात.

"आणि तुम्ही फार जळता," बायको म्हणाली.

लेक-जावयाने नवं घर घेतलं तेव्हा मिस्त्रींना संधी मिळाली. "न्हाणीघराची फरशी मी बसवणार. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये," त्यांनी जाहीर करून टाकलं. दगड त्यांनी स्वतः निवडला. मधाच्या रंगाची चुनखडी, तिच्यात फिकट तांबूस रेघा. एरवी मिस्त्री झपाट्याने काम करणारे, पण इथे एकेक फरशी उचलून उजेडात धरायचे, फिरवायचे, पुन्हा खाली ठेवायचे. अशा बसवल्या, की एका फरशीतली रेघ पुढच्या फरशीत जाऊन भिंतीवर चढली आणि खिडकीपाशी थांबली. लेक दारात उभी राहून बघत राहिली. "बाबा, किती सुंदर!" म्हणाली. मिस्त्री आठवडाभर शिट्टी वाजवत होते.

राहिलं होतं फक्त सीलर. चुनखडी दिसायला देखणी, पण पाणी पिणारी. साबण, तेल, काही सांडलं की डाग धरते. म्हणून तिला सीलर पाजावं लागतं. त्यात दोन जाती. एक दगडात मुरतं, वरून काही दिसत नाही, दगडाला श्वास घेऊ देतं. दुसरं दगडावर थर धरून बसतं आणि आरशासारखं चकाकतं. न्हाणीघरातल्या चुनखडीला मुरणारंच हवं, तेही दगड आतून पुरता वाळल्यावर. हे मिस्त्रींना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

एका संध्याकाळी ते सांध्यांवरून ओला स्पंज फिरवत होते, तेवढ्यात लेक आली. "बाबा, पपा म्हणतात दुकानात एक नवीन सीलर आलंय. काचेसारखं चमकतं म्हणे. रविवारी घेऊन येतो, स्वतःच लावतो म्हणाले." एवढं बोलून ती जाईना. तिथेच घुटमळली.

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे कंबर मोडून फरशी बसवायची आम्ही, आणि वरून चकाकी आणायची पपांनी! येणारा-जाणारा काय बघणार? चकाकी!

"आणू देत की," ते म्हणाले. "दुकान त्यांचं आहे."

शनिवारी त्यांनी आपल्या रोजच्या पद्धतीने फरशी तपासली. प्लास्टिकचा एक तुकडा दगडावर पसरून चारही कडांना चिकटपट्टी लावली आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बघतात तर प्लास्टिकच्या आतून दव धरलेलं. दगड अजून ओला होता. यावर आज थर बसवला, तर आतलं पाणी अडकणार आणि फरशी पांढरी पडणार. दुसरं कुठलंही घर असतं तर मिस्त्रींनी तिथल्या तिथे हाकाटी केली असती, "पंधरा दिवस हात लावू नका!" इथे त्यांनी प्लास्टिक सोलून काढलं, चुरगाळलं आणि खिशात टाकलं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर आपण कशाला मध्ये पडायचं? पपांचा पराक्रम लेकीला आपोआप दिसेल. आपण एक शब्द बोलायला नको.

व्याही आले ते बाह्या सरसावूनच. डबा उघडता उघडता म्हणाले, "व्याही, यातले जाणकार तुम्ही. माझं काही चुकत असेल तर इथेच कान धरा हं."

"छे, छे! तुमच्या मालात मी काय बोलणार?" मिस्त्री म्हणाले आणि मूग गिळून बसले.

लेकीने एकदा वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग तिने पपांच्या हातात ब्रश दिला.

फरशी अशी चमकली की जावयाने फोटो काढून चार जणांना पाठवले. मिस्त्रींना त्या चमकेचाही हेवा वाटला. ती टिकणार नाही हे ठाऊक असूनही वाटला. जळणाऱ्या माणसाला तेवढंही पुरतं.

पुढच्याच महिन्यात लेकीचा फोन आला. "बाबा, फरशीवर पांढरे ढग आलेत. येऊन बघून जाता का?" मिस्त्रींनी इतक्या घाईने चपला घातल्या, की बायकोला वाटलं कुणी आजारी पडलं. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. फार टोचून बोलायचं नाही. एखादा सुस्कारा, आणि "असो, घाई झाली त्यांच्या हातून." बस्स, एवढंच.

न्हाणीघरात लेक एकटीच होती. फरशीवर पिठूळ डाग पसरले होते आणि त्यांनी जुळवलेली रेघ त्या पांढुरक्यात कुठेतरी बुडून गेली होती. हे त्यांनी मनात इतक्यांदा पाहिलं होतं, पण आपलीच फरशी बिघडलेली असेल हे कसं कोण जाणे, त्यात दिसलंच नव्हतं.

तरी जुळवलेलं वाक्य तोंडातून निघालंच. "असो. घाई झाली व्याह्यांच्या हातून."

"पपांचा काय दोष? ते रंग विकतात, त्यांना दगडातलं काय कळणार?" लेक म्हणाली. "त्यांच्या शब्दावर मी लावूच दिलं नसतं. तुमच्या कानावर घातलं ते कशाला? तुम्ही नको म्हणालात की मी त्यांना नको सांगणार होते. त्या दिवशी ब्रश द्यायच्या आधीसुद्धा तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून दिला."

मिस्त्री खिडकीपाशी गेले आणि तिथली रेघ बोटाने शोधू लागले.

"जाऊ दे, बाबा," ती मऊपणाने म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नसेल. वय होतं माणसाचं. मी कुणाला सांगणार नाही."

आता गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं. लेक क्षमा करून मोकळी झाली होती. पण ज्याने जन्मभर दगडाची ओल ओळखली, त्याला वय झालं म्हणून चुकला, ही क्षमा गिळवेना. आणि गिळली, तर हिच्या नजरेला नजर कशी द्यायची?

"आलं होतं लक्षात," मिस्त्री म्हणाले. "फरशी ओली होती. मी तपासली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू त्यांना पपा म्हणतेस," ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांनाच ते वाक्य पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडचं वाटलं.

लेक हसली नाही, चिडलीही नाही. खाली बसून तिने नखाने एक डाग खरवडून पाहिला.

"हा थर काढता येईल?"

"येईल. मी काढतो. मग दगड वाळू देऊ, आणि मुरणारं..."

"काढा," ती म्हणाली. "पण पुढे काय लावायचं ते मी दुकानात विचारते, आणखी एखाद्या मिस्त्रींनाही विचारते. आजवर मी एकट्या तुम्हालाच विचारत आले, बाबा."

ती बाहेर गेली. मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि खिडकीच्या बाजूने थर खरवडायला लागले.