पत्रकवाल्या बाई

मी निफाडला लेकीकडे गेलो होतो. जावयांच्या बागेत द्राक्षांची काढणी चालू होती आणि मी बांधावर खुर्ची टाकून नुसता बघत बसलो होतो. नऊ-साडेनऊला क्लबच्या सचिवांचा फोन आला. "अप्पा, आपल्या बाई गेल्या. पहाटे, झोपेतच..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. माझा चेहरा बघून लेक जवळ आली. "कोण गेलं बाबा?" तिला काय सांगावं? नात्याच्या नव्हत्या, जातीच्या नव्हत्या, शेजारच्याही नव्हत्या. मी म्हणालो, "ज्यांना मी एकदा क्लबातून काढायला निघालो होतो ना, त्या बाई." लेकीला तो किस्सा पाठ आहे. ती गाडीची किल्ली घेऊन आली.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. मालतीबाईंवर लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं, आधी स्वतःची बाजू कबूल करावी, मगच त्यांचं कौतुक करावं. त्यांनाही हाच क्रम आवडला असता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. आमचा सेवाभावी क्लब तेव्हा ऐन भरात होता. डॉक्टर, वकील, बिल्डर, माझ्यासारखे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार, असे सगळे दर गुरुवारी संध्याकाळी जमायचो. बायका यायच्या त्या सदस्यांच्या पत्नी म्हणून. मालतीबाई मात्र स्वतःचा अर्ज भरून सदस्य झालेल्या पहिल्याच. टेलिफोन खात्यात परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन बडोद्याला, स्वतः इंदिरानगरात दोन खोल्यांत एकट्या. त्यांना कोणतं काम द्यावं हे आम्हाला कळेना. शेवटी साप्ताहिक पत्रक दिलं, कारण ते कुणालाच नको असायचं. चार पानी पत्रक. सदस्यांचे वाढदिवस, मागच्या गुरुवारचं भाषण, पुढच्या गुरुवारचा वक्ता, आणि अमुक वहिनींनी केलेली कचोरी कशी झकास होती, याचं सविस्तर वर्णन. एवढंच त्यात असायचं.

पहिले काही महिने बाईंनी ते तसंच चालवलं. मग त्यात हळूच एक नवा मजकूर दिसू लागला, 'नंतर काय झालं'. आम्ही चष्मे वाटले होते, ते लोक वापरतात का? शिवणयंत्र दिलं होतं, त्यावर कोण शिवतंय? बाई एस.टी.नं जायच्या, बघून यायच्या आणि आठ-दहा ओळी लिहायच्या. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मला तर ते जरा जास्तच वाटायचं, पण बोललो नाही.

त्या वर्षी मी अध्यक्ष होतो. पेठ तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर आम्ही बोअर घेऊन हापसा बसवला होता. माझा लाडका प्रकल्प. उद्घाटनाला मी स्वतः हापसलं, पाणी उसळलं, बायकांनी ओवाळलं, कट्ट्यावर संगमरवरी फलक लागला आणि फलकावर माझं नाव. प्रांतपालांची, म्हणजे विभागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांची, भेट दीड महिन्यावर आली होती, आणि उत्कृष्ट प्रकल्पाचं पारितोषिक आपलंच, असं सगळे म्हणत होते. अशात एका गुरुवारी पत्रक हातात पडलं. पहिल्याच पानावर, चौकटीत: 'आपला हापसा चार महिन्यांपासून बंद आहे. बायका पूर्वीसारख्याच खालच्या झऱ्यावर जातात.' आणि हे पत्रक नेहमीप्रमाणे प्रांतपालांकडेही रवाना झालेलं!

त्या सभेत मी फार चढ्या आवाजात बोललो. आजही त्याची लाज वाटते. "पुढच्या अंकात दिलगिरी छापा," मी म्हणालो.

बाई उठल्या. बारीक अंगाच्या, पण आवाज मोठा स्वच्छ. आयुष्यभर लोकांना फोन जोडून दिलेला आवाज. "छापते की. कशाबद्दल छापू तेवढं सांगा. त्यात खोटं काय आहे?"

"क्लबची बेअब्रू झाली, ती दिसत नाही तुम्हाला?"

"ती माझ्या लिहिण्यानं झाली, की हापसा बंद पडल्यानं?"

मी तडकलो. म्हटलं, पत्रक सोडा, आणि जमत नसेल तर क्लबही सोडा. बाई शांतपणे म्हणाल्या, "सोडते. फक्त एकदा माझ्याबरोबर चला, अध्यक्ष. परत आल्यावर तुम्ही सांगाल ते, तुम्ही सांगाल तसं लिहून देईन, आणि जाईन."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार! रविवारी मी त्यांना व्हॅनमध्ये घेतलं. पेठच्या पुढे रस्ता संपला तिथे गाडी लावली आणि चढ चढू लागलो. मी धापा टाकत होतो, साठीच्या जवळ आलेल्या बाई छत्री टेकत पुढे. पाड्यावर पोचलो तर माझ्या हापशाच्या दांड्याला शेळी बांधलेली, आणि माझं नाव कोरलेल्या फलकावर कुणाचं तरी लुगडं वाळत घातलेलं. देवकीबाई नावाची एक बाई झऱ्याकडून डोक्यावर दोन हंडे घेऊन वर येत होती. मला ओळखून ती थांबली. "सायेब, पाणी हाय खाली, पन वर येत नाय. पेठेला मिस्त्री लोकांना सांगून झालं चार डाव. येतो म्हनत्यात, येत नाय कुनी."

मी शेळी सोडली आणि दांडा मारून पाहिला. दांडा सैल चालत होता, खाली काही पकडच नव्हती. आमच्या कारखान्यात पंपांचेच सुटे भाग बनायचे, त्यामुळे दुखणं ओळखायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आतला चामड्याचा वॉशर झिजला होता. तळहाताएवढी चकती! तसल्या चकत्यांची पोती माझ्या कारखान्यात पडून असायची, आणि तेवढ्यासाठी या बायका चार महिने डोंगर उतरत-चढत होत्या. मी कट्ट्यावर खाली बसलो... बाई शेजारी येऊन बसल्या.

मी विचारलं, "तुम्हाला इथवर यावंसं वाटलं तरी का? उद्घाटन तर झालं होतं."

"नोकरीतली सवय," त्या म्हणाल्या. "फोन जोडून दिला की आमचं काम संपत नसे. पलीकडचा माणूस बोलायला लागला, की मगच आम्ही बाजूला व्हायचो."

मी म्हटलं, उद्याच माणूस पाठवतो, वॉशर बदलून देईल. बाईंनी मान हलवली. "आणि पुढच्या वेळी? तेव्हा मी नसेन, तुम्हीही नसाल." मग देवकीबाईकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही शिकाल का गं हे?" आजूबाजूचे पुरुष हसले. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं. जमिनीतून लोखंडी पाइप उपसायचे, पान्यानं नट आवळायचे, हे काय बायकांचं काम? देवकीबाईनं हंडे खाली ठेवले आणि म्हणाली, "हंडे वाहायला लागतं तेवढंच बळ लागंल ना? मंग शिकू."

माझ्या कारखान्याच्या आवारात आम्ही एक हापसा उभा केला. चार रविवार देवकीबाई आणि तिच्या चार सोबतिणी एस.टी.नं यायच्या. मी शिकवायचो, आणि बाई पायरीवर बसून मी बोललेलं त्यांच्या भाषेत सोपं करून सांगायच्या. पहिल्या रविवारी पाना हातातून निसटत होता. चौथ्या रविवारी देवकीबाई माझ्याच फोरमनला ओरडली, "आरं दादा, उलटा बसवतोस वायसर!" आणि तो खरंच उलटा बसवत होता.

प्रांतपाल आले तेव्हा हॉटेलातला कार्यक्रम मी रद्द केला आणि त्यांना थेट पाड्यावर नेलं. अख्खा क्लब बूट धुळीनं माखून घेत वर चढला. पाचही बायकांनी पदर खोचले, पाइप एकेक करून वर काढले, नवा वॉशर बसवला, सगळं परत जोडलं. घामानं निथळत होत्या. देवकीबाईनं दांडा धरला. एकदा, दोनदा, दहादा... नुसती करकर. त्या रविवारी हसलेले पुरुष पुढे सरकले. माझ्या छातीत धडधडत होतं. एवढी धडधड मला माझ्या कारखान्याच्या पहिल्या दिवशीही झाली नव्हती. आणि मग आतून घुरघुर आली, गढूळ चूळ पडली, आणि पाठोपाठ मनगटाएवढी स्वच्छ धार! बाया, पोरं, डॉक्टर, वकील, सगळे एकदम ओरडलो. प्रांतपाल कोट काढून ओंजळीनं पाणी प्यायले. मी मालतीबाईंकडे पाहिलं. त्या गर्दीच्या मागे उभ्या राहून वहीत काहीतरी टिपत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

त्या आठवड्याच्या पत्रकात मथळा होता: 'हापसा चालू'. पारितोषिक मिळालं की नाही, हे लोक अजून विचारतात. मिळालं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की पुढच्या काही वर्षांत आजूबाजूच्या पाड्यांवरून देवकीबाईला बोलावणी येऊ लागली, आणि पेठच्या मिस्त्रीची वाट बघत बसायची त्या भागात कुणालाच गरज राहिली नाही. मेकॅनिक बाई शेजारच्या डोंगरावरच राहत होती. बाईंनी पत्रक सोडलं नाही, मीही पुन्हा सोडा म्हणालो नाही. सत्तरीत त्या संगणकावर मराठी टाइप करायला शिकल्या. दरवर्षी नवा अध्यक्ष यायचा, आणि त्याला पहिल्याच आठवड्यात मी बाजूला घेऊन सांगायचो, "बाबा रे, काम नीट कर. बाई बघून येतात."

त्यांच्या जाण्यानंतरचा पहिला गुरुवार. ठरलं होतं, पत्रकाचा श्रद्धांजली विशेषांक काढायचा. गेली दोन वर्षं बाईंच्या हाताखाली पत्रकाचं काम करणारी एक तरुण शिक्षिका अंक घेऊन आली. मी पहिलं पान पाहिलं. बाईंचा फोटो नव्हता. मथळा होता: 'घोटीजवळच्या शाळेत मुलींसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहांना कुलूप, मुली अजूनही शेतात जातात'. बाईंवरच्या चार ओळी शेवटच्या पानावर, वाढदिवसांच्या खाली. सध्याचे अध्यक्ष तरुण डॉक्टर आहेत आणि ती स्वच्छतागृहं त्यांचाच प्रकल्प. त्यांचे कान लाल झालेले मला लांबून दिसले. ते उभे राहिले. मला माझी ती संध्याकाळ आठवली, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला...

डॉक्टर त्या मुलीकडे वळून म्हणाले, "किल्ली कुणाकडे आहे, विचारलंत का?"

"विचारलं, सर. मुख्याध्यापकांकडे आहे. पाण्याची टाकी फुटलीय, म्हणून बंद ठेवलंय म्हणाले."

"मग शनिवारी टाकी घेऊनच जाऊ. कोण कोण येणार?"

हात वर झाले. मोजले नाहीत, पण मागच्या रांगेपर्यंत झाले. माझे गुडघे आता चढ चढू देत नाहीत, पण घोटीला गाडी शाळेच्या दारापर्यंत जाते. मीही हात वर केला.