कारखान्याचा मुका ठिपका

मार्लिस ऑस्ट्रेम यांना कॉम्प्युटरचा राग होता, तोही चांगला सणसणीत. मिनेसोटातल्या त्या टेकडीवरच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत, आणि फळा-खडूवर त्यांचं झकास भागत होतं. वर्गावर्गात कॉम्प्युटरचे पडदे लागले तेव्हा नाक मुरडण्यात बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. मग एका मे महिन्यात, परीक्षा उरकल्यावर, मुलांचे निबंध कचऱ्याच्या पिंपात पडलेले त्यांना दिसले. चांगले निबंध होते. मुलांनी खपून लिहिलेले, आणि वाचले कुणी, तर एकट्या बाईंनी.

ते बाईंना लागलं. साठीला टेकलेली ही बाई उन्हाळाभर ग्रंथालयाच्या तळघरात बसून आवाज रेकॉर्ड करायला, कापायला, जोडायला शिकली. पुढच्या वर्षापासून तिच्या वर्गातली मुलं टेकडी उतरून गावात जाऊ लागली, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलू लागली, आणि त्या आवाजांचा नकाशा इंटरनेटवर तयार होऊ लागला. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या घरातलं, त्या दुकानातलं माणूस बोलायला लागे. टेकडीवरच्या शहाण्यांना चार हात लांब ठेवणारं ते गाव संध्याकाळी घरोघर एकमेकांना ऐकत बसू लागलं. एखादा ठिपका चुकला तर लोक बाईंना किराणा दुकानात गाठून सुनावत, की बेकरी इथे नव्हती, पलीकडच्या कोपऱ्यावर होती. शिक्षकाला याहून मोठी पावती कोण देणार?

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी हा वर्ग पुढे चालवायचा की मोडीत काढायचा, हे ठरवायला कॉलेजचे विश्वस्त येणार होते. मुलं ग्रंथालयात आपलं काम मांडणार, विश्वस्त ते ऐकणार आणि निकाल देणार. डीन रसेल पिंकनी बॉस्टनहून आलेला, हुशार माणूस. त्यानं हुकमाचं पान आधीच काढून ठेवलं होतं. ते होतं डेल्फिना कांतूनं रेकॉर्ड केलेलं कारखान्याचं बोलणं.

डेल्फिना टेक्ससची. पोरगी बडबडी, पण ऐकायला बसली की समोरचा मन मोकळं करायचा. गावात मटार डबाबंद करायचा जुना कारखाना होता. तिथे जन्म काढलेल्या व्हर्लिन हॉगडालनं तिला जे सांगितलं, ते त्यानं सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. तरुणपणी त्यानं यंत्र सुरू केलं तेव्हा धाकटा भाऊ लोएल आत हात घालून अडकलेले मटार काढत होता. हात गेला. "हात घालण्याआधी ओरडायचा नियम होता," व्हर्लिन सांगत होता. "तो ओरडलाच असणार. मला ऐकू आलं नाही."

हे बोलणं नकाशावर चढायच्या आदल्या दिवशी बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी डेल्फिना विचारत होती, हे सगळ्यांना ऐकवलं तर चालेल का? व्हर्लिन म्हणाला, "ऐकवायचं तर ऐकव. माझं काय!"

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. त्या याच मुलखात, शेतावर वाढलेल्या. इथलं माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा उगीच कशाला त्रास, आणि तिसऱ्यांदा विचाराल तेव्हा खरं काय ते. टेक्ससच्या पोरीला हे कुठून कळणार? यंत्रं हाताळायला शिकवली आणि हे शिकवायचं राहिलं, म्हणून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डीननं त्यांना परोपरीनं समजावलं. माणसानं स्वतःच्या तोंडानं परवानगी दिली आहे, आणि हे काढलं तर विश्वस्तांपुढे ठेवायचं काय? वर्ग बुडेल. बाई म्हणाल्या, "बुडाला तर बुडाला, रसेल. त्या माणसाला बुडवून नाही वाचवायचा मला."

त्या डेल्फिनाला घेऊन थेट व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यानं लिंबाच्या वड्या पुढे केल्या. बाईंनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. डेल्फिना बघत होती. मग बाईंनी रेकॉर्डिंगचं विचारलं. व्हर्लिन म्हणाला, ठीक आहे की. पुन्हा विचारलं, तर म्हणाला, पोरीनं एवढी मेहनत घेतली आहे.

"व्हर्लिन, मी तुझ्या शेजारच्या ओल ऑस्ट्रेमची मुलगी," बाई म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा विचारते."

तो उठून खिडकीशी गेला.

"मग नको," तो म्हणाला. "लोएल आहे तोवर नको."

डेल्फिनानं त्याच्यादेखत ते पुसून टाकलं. रडत पुसलं, पण पुसलं. त्या संध्याकाळी बाकीच्या मुलांनीही आपापल्या माणसांना फिरून विचारलं, आणि आणखी काही ठिपके मुके झाले.

प्रदर्शनाला अर्धं गाव टेकडी चढून आलं. व्हर्लिन चर्चला जायचा कोट घालून आला, आणि बरोबर लोएल, एक बाही टाचलेली. लोएलनं कारखान्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. काहीच वाजेना.

"बिघडलंय का गं?"

डेल्फिनानं व्हर्लिनकडे बघितलंसुद्धा नाही. तिथे काही ठेवलेलं नाही, एवढंच म्हणाली. लोएलनं भावाकडे मान वळवली.

"यंत्र तू सुरू केलंस, हे सांगितलंस होय हिला?"

व्हर्लिननं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"समोरच तर उभा होतास. मी ओरडलोच नव्हतो, व्हर्लिन. कंटाळा केला. तू विषय काढला नाहीस, मग मीही नाही."

"मला वाटलं, मलाच ऐकू आलं नाही," व्हर्लिन म्हणाला. जन्मभर वाहिलेलं ओझं ते, त्याला खुर्ची ओढून बसावंच लागलं.

डीन मागेच उभा होता. त्यानं डेल्फिनाला खूण केली, घे, हे रेकॉर्ड कर. तिनं मशीनला हात लावला नाही. दोघा भावांना कॉफी ओतून दिली आणि विचारलं, हे कधी नकाशावर ठेवलेलं चालेल का? लोएल म्हणाला, ठेव की, आम्हाला काय त्याचं.

"मग मी घरी येऊन परत विचारते," डेल्फिना म्हणाली. "आणि नंतर आणखी एकदा."

विश्वस्तांमधली एक शेतकरीण खुदकन हसली. मार्लिसबाईंनी डोळे पुसले, आणि तेही कुणाला न लपवता.

वर्ग चालू राहिला. कारखान्याचा ठिपका मात्र आजही मुका आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर दोघे भाऊ एका सुरात नको म्हणाले, आणि डेल्फिनापुढे लिंबाच्या वड्यांची ताटली सरकवली. तिनं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली.