इंजिनाचं हजेरीपुस्तक

लग्नाला सात वर्षं झाली तरी आमचा संसार रविवारच्या दुपारपर्यंतचाच होता. मी चारठाण्याच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गावर, तर माझे यजमान गंगाखेडच्या प्रशालेत विज्ञान शिकवायला. चारठाण्यात मी दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर एकाच खोलीत राहायचे, त्यामुळं नवऱ्याला तिथं ठेवायची सोय नव्हती. शनिवारची अर्धी शाळा सुटली की तीन एसट्या बदलून गंगाखेड गाठायचं आणि रविवारी जेवण झालं की पिशवी खांद्याला अडकवून परत निघायचं. बदलीचे अर्ज आम्ही दरवर्षी करायचो. ते कुठल्या टेबलावर मुरत पडायचे, देवाला ठाऊक.

अशात एका उन्हाळ्याच्या सुट्टीत यांनी लिलावातून गाडी घेतली. घेतली म्हणजे पालमजवळच्या आमच्या मळ्यात ती बैलांनी ओढून आणली. सरकारचा जुना फिरता दवाखाना होता तो. पुढं लांब नाक, मागं पांढरा डबा, डब्यात पेशंटला झोपवायचा पलंग, हात धुवायचं भांडं आणि एक कपाट. इंजिन पार जाम.

"आपल्याला एका गावात घर मिळंना ना?" हे म्हणाले. "मग आता घरच दर शनिवारी तुझ्या गावाला येईल."

"येईल की. मागून ढकलायला तेवढी दहा माणसं बघा," मी म्हणाले आणि दोन दिवस अबोला धरला. राग माझ्या नाकावरच असतो. तिसऱ्या दिवशी चहा द्यायला गेले, तर हे गाडीचं नाक उघडून समोर नववीचं विज्ञानाचं पुस्तक धरून उभे. बारा वर्षं फळ्यावर पिस्टन काढत आले होते; खरा पिस्टन काही यांनी पाहिला नव्हता. मला हसू फुटलं आणि तिथंच माझा अबोला मोडला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हे इंजिन चालू झालं पाहिजे, नाहीतर पुन्हा वर्षभर त्या तीन एसट्या. आता तो हट्ट माझाही झाला.

इंजिन उचलायचं कसं? विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून मोटेचं चाक आणि नाडा कोठ्यात पडून होता. सासऱ्यांनी चाक लिंबाच्या जाड फांदीला बांधलं, नाड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बैलांना. इंजिन हातभर वर येताच हे ओरडले, "बास, बास!" बैल कशाला ऐकतात! इंजिन फांदीला भिडलं तेव्हा कुठं ते थांबले आणि आपणहून मागं मागं सरकू लागले. तेवढ्यात इंजिनाखालून गाडी ढकलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. इंजिन आलं तसं पुन्हा गाडीत जाऊन बसलं.

"मोटेचे बैल हायेत ते," सासरे म्हणाले. "मोट वर आली की वतायची अन् माघारी जायाचं, इत्तंच त्येन्ला ठावं हाय."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, कारण आम्ही सगळे हसतच बसलो होतो. तिसऱ्या खेपेला आम्ही गाडीला आधीच खांदा लावून उभे राहिलो. इंजिन वर गेलं, गाडी मागं गेली आणि बैलांनी ते अलगद बाजेवर टाकलेल्या फळ्यांवर आणून ठेवलं.

सुटं करण्यात हे मोठे हुशार. कुठलं काय ते विसरण्यातही तितकेच. दुसऱ्याच दिवशी एक स्प्रिंग हरवली. ती यांच्याच बुडाखाली निघाली. माझं डोकं फिरलं. मी ट्रंकेतून कोरं हजेरीपुस्तक काढलं, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून नंबर घातला आणि नावं मांडली. रोज सकाळी भरवायला लागले शाळा.

"नंबर बारा?"

यांनी भाग उचलून दाखवायचा आणि "हजर" म्हणायचं. म्हटलं नाही, तर मी पुढं जातच नसे. गावातली माणसं धारा काढून झाल्या की खास ही हजेरी ऐकायला येत. एकदा एकतीस नंबर गैरहजर निघाला. सारा मळा पालथा घातला, तेव्हा तो सासऱ्यांच्या माठाखाली टेकू म्हणून सापडला. "मला काय म्हाईत तुमचं पोरगं हाय ते," म्हणाले.

घासलेटमध्ये हात बुडवून बुडवून माझ्या बोटांची सालं निघाली, पण सगळं इंजिन मला तोंडपाठ झालं. पिस्टनच्या रिंगा बसवायला गंगाखेडचे एक म्हातारे मिस्त्री दोन दिवस येऊन गेले. त्यांनी सत्तेचाळीस नंबर माझ्या तळहातावर ठेवला. रोटर म्हणतात त्याला, प्लगांना ठिणगी वाटून देणारा, सुपारीएवढा, काळा.

"बाई, हे इत्तुसं हाय," ते म्हणाले, "पण हे टोपणाखाली न्हाई, तर गाडी म्हंजे निस्ता डब्बा."

मेच्या अखेरीस बैलांनीच इंजिन परत जागेवर बसवलं. यांनी किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा गाडीनं काळा धूर सोडला आणि अख्खी थरथरत चालू झाली. मला सगळ्यांदेखत रडू आलं, आणि सासऱ्यांनी आधी बैलांना गूळ दिला.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी गाडी चारठाण्याला आली. शाळेच्या कडेला बाभळीखाली लावली. मी पलंगावर नवी चादर घातली, कपाटात तांदळाचा डबा ठेवला, स्टोव्हवर पिठलं केलं. इतक्या सुखात मी त्या गावात कधी जेवले नव्हते. रविवारी दिवस कलायला लागला आणि माझ्या लख्ख ध्यानात आलं, की जी गाडी यांना घेऊन आली तीच उद्या पहाटे घेऊनही जाणार. शाळा चालू असताना आम्ही एकही सोमवार एकत्र पाहिला नव्हता. मला एकच सोमवार हवा होता. हे देवळाकडं चक्कर मारायला गेले तशी मी नाक उघडलं, टोपण काढलं आणि सत्तेचाळीस नंबर तांदळात पुरला.

सोमवारी गाडी काही केल्या चालू होईना. यांनी परभणीच्या एसटीतल्या ओळखीच्या माणसाकडं प्रशालेत पोचवायला रजेचा अर्ज दिला आणि बाह्या सरसावल्या. हा माणूस तापातही शाळेत जाणारा, त्यामुळं मला मनातून लाज वाटत होती. पण मधल्या सुट्टीत मी गाडीत येऊन नवऱ्याबरोबर जेवले तेव्हा ती लाज कुठल्या कुठं गेली. हे प्लग काढून पेपरवर ओळीनं मांडून बसले होते आणि शीळ घालत होते. संध्याकाळी "जरा मी बघते" म्हणून मी त्यांना पाण्याला पिटाळलं आणि रोटर जागेवर ठेवला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"तुझ्या हाताला गुण आहे," हे म्हणाले.

पुढं दोन वर्षांनी आमची एका गावात बदली झाली, गाडी भंगारात गेली. रोटरची ती चोरी मी कुणाला सांगितली नाही.

परवा ट्रंक आवरताना ते हजेरीपुस्तक हाती आलं. मे महिन्याच्या पानावर सत्तेचाळीसपुढं रोज माझ्या अक्षरात हजेरी. जूनचं पान मी कधी उघडलंच नव्हतं. त्यावर एकच नोंद होती, सत्तेचाळीसच्या ओळीत, त्या सोमवारच्या रकान्यात, यांच्या अक्षरात: "रजा मंजूर." खाली झोकात सही.

मी पुस्तक घेऊन तशीच अंगणात गेले. हे पेपर वाचत होते.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सकाळी टोपण काढल्याबरोबर."

"मग दिवसभर ते प्लग कशाला घासत बसलात?"

यांनी पेपरातून मान वर न काढता उत्तर दिलं, "मधल्या सुट्टीत तू जेवायला येशील म्हटलं."